नेता येईल असा

काचेच्या काउंटरवर एक स्क्रू पडला होता, तांदळाच्या दाण्याएवढा, काळ्या डोक्याचा, चष्म्याच्या काडीत बसतो त्याहून किंचित जाड… आणि त्याचं बोट आपोआप तिकडे गेलं. अठरा वर्षं चष्म्याच्या काचा घासून आणि फ्रेमा जुळवून बोटांना सवयच लागली होती, की सुटा स्क्रू दिसला की आधी तो बाजूला ठेवायचा, मग बाकीचं बोलायचं.

"राहू द्या तिथेच, दादा. मोजून ठेवलेत," कॉम्प्युटरच्या दुकानातल्या बाई म्हणाल्या. त्या एका उघड्या कॅबिनेटमध्ये कोपरापर्यंत हात घालून बसल्या होत्या.

त्याने हात मागे घेतला. शेजारी त्याची मुलगी उभी होती, पंधरा वर्षांची. लहानपणी दोन्ही हातांत बिस्किट धरून कुरतडायची म्हणून तो तिला खारू म्हणायचा. आता चारचौघांत हाक मारली की ती आधी इकडेतिकडे बघते, कुणी ऐकलं तर नाही ना… पण ओ देते. अजून देते.

सहा दिवस ती आईकडे असायची आणि रविवारी त्याच्याकडे. तीन वर्षं हे असंच चाललं होतं. व्हिडिओ एडिटिंगचं वेड तिला याच तीन वर्षांत लागलं. आईच्या जुन्या लॅपटॉपवर एका मिनिटाच्या व्हिडिओला पाऊण तास लागायचा, पंखा घरघरायचा, मध्येच सगळं गोठायचं, आणि ती न चिडता पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. "गप्प बसून सोसायचा गुण तुझा उचललाय," असं तिची आई फोनवर म्हणाली होती. हे कौतुक की टोमणा, हे त्याला दोन दिवस ठरवता आलं नाही.

डेस्कटॉप घ्यायचा, हे त्याने महिन्यापूर्वीच ठरवलं होतं. त्यासाठी खिडकीजवळचं कपाट त्याने एकट्याने ढकलत पलीकडच्या भिंतीला नेलं होतं. डेस्कटॉप कुणी दप्तरात घालून नेत नाही. तो जिथे असतो तिथे आपल्याला जावं लागतं. मग एक रविवार पुरणार नाही. शनिवारीही येईल, बुधवारी शाळा लवकर सुटते, तेव्हा परस्पर येईल… असं सगळं मनात मांडताना तो स्वतःलाच बजावत होता की मी काही वावगं करत नाहीये, एडिटिंगला डेस्कटॉपच चांगला, कुणालाही विचारा.

आणि बाईंनीही तेच सांगितलं.

"काय काय करतेस गं?" त्यांनी खारूला विचारलं.

"कापाकापी, रंग, आवाज. चार व्हिडिओ एकावर एक लावले की अडकतं."

"मग डेस्कटॉप घे. तेवढ्याच पैशात जास्त काम देतो, तापत नाही, पुढे रॅम वाढवता येते, स्क्रीन मोठा मिळतो. हा लॅपटॉपही चालेल तसा, पण जड काम टाकलंस की तापणार, पंखा ओरडणार. नेता येतो, एवढाच काय तो फायदा."

नेता येतो… त्याने मान खाली घातली. आपल्या मनातलं कुणीतरी मोठ्याने वाचून दाखवावं, तसं झालं त्याला.

"मी माझं एक लावून बघू?" म्हणत खारूने खिशातून पेन ड्राइव्ह काढला.

मोठ्या स्क्रीनवर जुन्या घराचं स्वयंपाकघर उजळलं. स्टुलावर उभा राहून तो दिवा बदलत होता; तिच्या आईने स्टूल दोन्ही हातांनी धरलं होतं; चित्र थरथरत होतं, कारण फोन आठ वर्षांच्या खारूच्या हातात होता. तो खाली बघून काहीतरी म्हणाला आणि ती हसली, मान मागे टाकून… अशी हसायची ती. शब्द मात्र ऐकू आले नाहीत. फक्त नळातून थेंब पडत होते, एकेक, सावकाश. चाळीस सेकंद. मग काळोख.

"नळाचा आवाज होता तेव्हा?" त्याने विचारलं.

"नाही, मी घातलाय नंतर."

"मग मूळचा?"

"मूळ व्हिडिओ अकरा मिनिटांचा आहे, बाबा. बाकीच्यात तुम्ही दोघं बोलताय."

बोलताय, असं म्हणाली. भांडताय, असं म्हणाली नाही. त्याला तो दिवस आठवला. दिवा लागला, मग तो इतके दिवस का आणला नाही इथून सुरुवात झाली, मग आवाज चढत गेले, आणि फोन कुठल्यातरी फळीवर तसाच चालू राहिला असणार… एडिटिंग म्हणजे तेच ते पुन्हा पुन्हा ऐकणं, हे तिनेच सांगितलं होतं एकदा, जेवताना. कुठून कापता येईल हे शोधत ती ती अकरा मिनिटं किती वेळा ऐकत बसली असेल? कानांवर हेडफोन लावून, एकटी. त्यातून तिच्या हाती लागलं ते एवढंच. आणि मी? मी आता हा डबा घेऊन पुन्हा तिची एक बाजू ओढायला निघालोय.

"लॅपटॉप द्या," तो म्हणाला.

"अहो, आत्ता तर डेस्कटॉप ठरत होता!"

"नेता येईल असाच द्या. तिला कुठेही बसून करता येईल. आईकडे, कुठेही."

बोलून झाल्यावर त्याला एकदम हलकं वाटलं, आपण काहीतरी सोडलं आणि ते नीट सोडलं असं, आणि ते तिच्या चेहऱ्यावर दिसेल म्हणून तो बघत राहिला. ती काळ्या स्क्रीनकडे बघत होती.

"बरं," ती म्हणाली. पेन ड्राइव्ह काढून तिने खिशात टाकला.

बाहेर ऊन होतं. बसथांब्याच्या बाकावर दोघं बसली, खोकं मध्ये.

"मी आईला सांगून आले होते," खारू म्हणाली. समोरच्या पाटीवरचे बसचे नंबर वाचावेत तशा आवाजात.

"काय सांगून?"

"की डेस्कटॉप बाबाकडे ठेवणार, आणि मी शनिवारीही येत जाईन. बुधवारी पण. आई म्हणाली, आधी बाबाला विचार, त्याला जमेल का." ती थांबली. "नसेल जमत तर राहू दे. मी रागावले नाहीये."

"तसं नाही, खारू…"

तसं नाही, मग कसं? दुकान तीस पावलांवर होतं, बाईंनी बदलूनही दिला असता, पण परत जायचं तर आधी हे सांगायला हवं होतं की मला हवी होतीस तू, इतकी, की मला माझीच भीती वाटली… हे वाक्य त्याने आजवर कुणाला म्हटलं नव्हतं. तिची आई दारात पिशव्या घेऊन उभी होती त्या सकाळीही त्याने, तुला हवं तसं कर, एवढंच म्हटलं होतं, आणि आपण मोठं मन दाखवलं असं समजून तो बाजूला सरकला होता. ती जरा वेळ तिथेच उभी राहिली होती. पिशव्या जड होत्या म्हणून थांबली असेल, असं तीन वर्षं वाटत आलं. ती वाट बघत होती. मी थांब म्हणालो नाही.

बस आली, दार उघडलं.

"आपलीच ना ही?" खारूने विचारलं.

"हो," तो म्हणाला, आणि उठला नाही.

दार मिटलं, बस गेली. पाय बाकावर घेऊन, गुडघ्यांवर हनुवटी ठेवून ती त्याच्याकडे बघत राहिली, आणि त्याने मधलं खोकं उचलून पलीकडे ठेवलं. मान दुसरीकडे वळवावी, असं या वेळी त्याला वाटलं नाही.