कुरडयांचा दिवस

अंबडच्या त्या गल्लीत कुरडया कधी घालायच्या, हे ठकूबाई ठरवायच्या. वारा आणि मुंग्या बघून त्या उन्हाचा अंदाज सांगायच्या, आणि तो सहसा चुकत नसे. यंदा एप्रिलात त्यांनी सोमवार सांगितला. बायांनी तीन दिवस आधीच गहू भिजत घातले. सोमवारी गच्चीवर जुन्या साड्या पसरून सगळ्यांनी कुरडया घातल्या, आणि दुपारी एकाएकी गारा पडल्या. कुरडयांचा पार लगदा झाला.

"मावशी, असं कसं झालं?" शेजारच्या निर्मलाने विचारलं. तिच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणून ठकूबाईंना जास्तच लागलं.

"वारा तर बरोबर होता गं. मुंग्यांनी अंडीसुद्धा हलवली नव्हती."

सून उज्ज्वलाने मोबाइल बघितला. "गुरुवारी पाऊस दाखवतोय, शुक्रवार कोरडा."

बायांनी पुन्हा गहू भिजवले. गुरुवार रणरणत्या उन्हात गेला. शुक्रवारी गव्हाचा चीक शिजून तयार झाला आणि पाऊस कोसळू लागला. गरम पातेल्याभोवती सगळ्या जिन्यात उभ्या राहिल्या. कुणी मोबाइलकडे बघे, कुणी ठकूबाईंकडे.

"आता कधी घालायच्या?" निर्मलाने विचारलं.

ठकूबाईंनी आभाळाकडे पाहिलं. एका बाजूला लख्ख ऊन होतं.

"मला नाय कळत, बाई," त्या म्हणाल्या. असं त्या आयुष्यात पहिल्यांदाच बोलल्या होत्या. मग त्यांनी दूध आणि गूळ मागवला, आणि सगळ्यांनी गरम चीक वाट्यांत घेऊन तिथेच जिन्यात बसून खाल्ला.