पारूबाईची कढई

पोटमाळ्यावरून कढई खाली घेताना पारूबाईचा पाय स्टुलावरून घसरला, पण कढई तिनं सोडली नाही. सून निशा खाली उभी होती, तिनं दोन्ही हातांनी सासूची कंबर धरली. वर्षभराची धूळ दोघींच्या डोक्यावर पडली.

"आत्ती, ऱ्हाऊ दे की ह्या वर्साला," निशा कंबर न सोडताच म्हणाली.

"का म्हनून?" पारूबाईनं वरूनच विचारलं.

ह्याला उत्तर होतं, आणि मंगळवार पेठेतल्या त्या बोळातल्या सगळ्या घरांना ते ठाऊक होतं. पण पारूबाईच्या तोंडावर ते बोलायची छाती कुणाची नव्हती, तिथं निशाची कुठली असणार? तिनं कढई घेतली, मोरीत नेली आणि राखेनं घासायला बसली.

ज्या घरात वर्षभरात कुणी मयत झालं असेल त्या घरात दिवाळीला तळणाची कढई चढत नाही. फराळ शेजारपाजारचे नि पैपाहुणे आणून देतात. पारूबाईचा एकुलता एक मुलगा पृथ्वीराज आषाढात गेला होता. म्हणजे सगळ्यांच्या लेखी गेला होता. पारूबाईच्या लेखी तो अजून यायचा होता.

पृथ्वीराज टेम्पो चालवायचा. कांदे-बटाटे भरून गगनबावड्यावरून खाली कोकणात उतरायचा. दोन हजार पाच सालचा तो पाऊस कोल्हापूरकर अजून विसरलेले नाहीत. त्या पावसात घाटातली दरड खाली आली आणि टेम्पो घेऊन गेली. आठ दिवसांनी टेम्पो दरीत सापडला, पृथ्वीराज सापडला नाही. खालचा ओढा फुगलेला होता. शोधणाऱ्यांनी हात टेकले, पोलिसांनी लिहायचं ते लिहून घेतलं.

त्याचे वडील अण्णासो टेम्पो बघून आले तेव्हा त्यांनी घरात एकच गोष्ट सांगितली, आणि ती सांगितल्याचा त्यांना पुढं जन्मभर पस्तावा झाला. ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडं होतं. बास, पारूबाईनं ते दार धरलं ते सोडलंच नाही. "दार उघडं हुतं म्हंजी उतरलाय त्यो," ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. पाण्याच्या जोरानं दार उघडतं असं कुणी समजावायला गेलं तर ती त्याच्याकडं असं बघायची की त्यालाच चोरट्यासारखं व्हावं. डोक्याला मार लागला असेल, कुठल्या तरी वाडीवर पडून असेल, नाव आठवत नसेल. आठवलं की येईल. तिचा हा हिशेब पक्का होता.

अण्णासोंनी फौंड्रीत एकतीस वर्षं भट्टीपुढं काढलेली. माणूस मुळात कमी बोलणारा, त्यात भट्टीनं उरलेसुरले शब्दही वाळवले. भाद्रपदात त्यांनी एकदा धीर करून विषय काढला. देह मिळाला नाही तर दर्भाचा पुतळा करून विधी उरकतात, भटजी म्हणाले दिवाळीच्या आत झालं तर बरं. पारूबाई भाकरी थापत होती. तिनं हात थांबवले नाहीत.

"मी हाडामासाचा पोरगा दिलाय. गवताचा जाळाय मी न्हाय यायची, आनि तुमीबी जायाचं न्हाय."

त्यानंतर त्या घरात हा विषय निघाला नाही. निशाच्या गळ्यात मंगळसूत्र राहिलं, कपाळाला कुंकू राहिलं. रोज सकाळी चहा घेऊन आलेल्या सुनेच्या कपाळाकडं पारूबाई आधी बघायची, मग कपाकडं.

आता हे सगळं दुसऱ्या कुणा बाईच्या बाबतीत झालं असतं तर बोळानं समजावून सांगितलं असतं. पण पारूबाईला कोण सांगणार? फराळाच्या बाबतीत ती बोळाचं सुप्रीम कोर्ट होती. दिवाळी आली की बायका भाजणी वासाला घेऊन तिच्याकडं यायच्या, पहिली चकली बशीत घालून तिच्यापुढं ठेवायच्या. पारूबाई तुकडा मोडून तोंडात टाकायची, डोळे मिटायची आणि निकाल द्यायची. मोहन कमी पडलंय. तेल प्यालीया. मीठ सासरी गेलं काय? 'चांगली झालीया' हा शब्द त्या तोंडातून कधी कुणी ऐकला नव्हता. शेजारच्या तानाबाईच्या वाट्याला तर सगळ्यात जास्त बोलणी. "ही चकली हाय का गोफनीतला धोंडा?" हे तिला तीस वर्षं दरसाल ऐकायला मिळायचं. तानाबाई हसायची, पण पुढच्या वर्षी पुन्हा नवा प्रकार करून बघायची. एकदा तरी ह्या पारूकडून चांगलं म्हणवून घेतल्याशिवाय मी मरत नाही, असं ती सगळ्यांना सांगायची.

आणि हा कढईचा नियम तर पारूबाईनंच तानाबाईला शिकवला होता. अकरा वर्षांमागं तानाबाईचा नवरा गेला. त्या दिवाळीला पोरं रडायला लागली म्हणून तानाबाईनं कढई चढवली. वास आल्याबरोबर पारूबाई तिच्या घरात शिरली, स्टोव्ह बंद केला आणि म्हणाली, "ह्या वर्साला तुज्यात तळण न्हाय. आमी कशाला हाय?" तासाभरात दोन डबे भरून तिच्या दारात. सारं माहीत असलेल्या माणसाला समजावायचं तरी काय, हीच बोळाची अडचण होती.

वसुबारसेच्या आदल्या दिवशी पारूबाईनं कढई चढवली. पहिलं तळण गोडाचं, म्हणून आधी करंज्या. मग कडबोळी, मग अनारसे. वास बोळभर गेला. नळावर बायका बोलत होत्या त्या गप्प झाल्या. दरवर्षी अशा वेळी पोरं पारूबाईच्या दारात जमायची, ह्या वर्षी आयांनी पोरांना हाताला धरून आत घेतलं. हे तिच्या ध्यानात आलं नाही असं नाही. शाळा सुटली नसेल, असं ती आपल्याशीच म्हणाली. शाळेला सुट्टी लागून दोन दिवस झाले होते.

अनारसे पृथ्वीराजच्या आवडीचे. ते तिनं वेगळ्या डब्यात भरले आणि डबा फळीवर ठेवला. पाच वर्षांची नात शिवानी टाचा उंचावून बघत होती.

"बाबा आल्यावर खायाचं," पारूबाईनं तिला सांगितलं.

"कवा येनार?"

"पयल्या अंगुळीला. त्यानं कदी चुकवलीया का अंगूळ?"

हे मात्र खरं होतं. एका वर्षी रत्नागिरीहून टेम्पो दामटत पृथ्वीराज नरकचतुर्दशीच्या पहाटे दारात हजर झाला होता आणि तसाच पाटावर तेल लावून घ्यायला बसला होता. शिवानीला काय, तिनं दिवस मोजायला सुरुवात केली. निशा भिंतीकडं तोंड करून करंज्या डब्यात भरत राहिली.

वसुबारसेला पारूबाईनं बोळातल्या सहा घरांसाठी सहा ताटं भरली, वर विणलेले रुमाल टाकले. ती ताटं नेऊन द्यायचं काम सुनेचं. निशा एकेक ताट घेऊन जात होती, रिकामं करून आणत होती. आपल्याकडं ताट रिकामं परत पाठवत नाहीत. ज्याचं फराळाचं झालेलं असतं तो आपलं घालतो, नसेल झालं तर चिमूटभर साखर तरी. सहाही ताटांत साखर होती.

"समद्यांनी साखरच घातलीया?" पारूबाईनं विचारलं.

अजून कुणाचंच झालं नाही, निशा म्हणाली. दिवाळी तोंडावर आली आणि ह्या बायका करतात तरी काय, म्हणून पारूबाईनं सगळ्यांचा उद्धार केला. त्या दिवशी ती खुशीत होती. बोळानं ताटं घेतली म्हणजे बोळानंही मानलं, असं तिनं धरलं. जेवताना तिनं अण्णासोंना दोनदा वाढलं आणि त्यांनी ते मुकाट्यानं खाल्लं.

दुसऱ्या दिवशी दुपारी चकल्या करायला घेतल्या. पहिला घाणा निघाला आणि पीठ कमी पडणार असं दिसलं. तांदळाचं पीठ जुन्या पत्र्याच्या डब्यात असेल म्हणून पारूबाईनं ज्वारीच्या कोठीमागचा तो डबा ओढला. झाकण घट्ट बसलेलं होतं, उलथन्यानं उचकटावं लागलं.

आत करंज्या होत्या. खाली कडबोळी, मध्ये मोडलेले अनारसे, वर पुन्हा करंज्या. मुरड तिच्याच हातची. सहा ताटांचा सगळा ऐवज त्यात होता. पारूबाई डब्याजवळ बसली. कढईत तेल तापत होतं.

"निशा."

निशा आली, डबा बघितला आणि उभीच राहिली. तिनं खोटं काही सांगितलं नाही. आधी ती कोपऱ्यावरच्या धोंडुबाईंकडं गेली होती, त्या बोळात सगळ्यात म्हाताऱ्या म्हणून. धोंडुबाई उंबऱ्यापर्यंत आल्या, पण ताटाला त्यांनी हात लावला नाही. रागानं नाही, अगदी मायेनं म्हणाल्या, पोरी, आम्ही आणून द्यायचं असतं, तुम्ही नाही. निशा मागच्या दारानं घरात आली, ताट ह्या डब्यात ओतलं आणि उरलेल्या पाच घरांची पायरी चढलीच नाही. साखर घरातलीच होती.

"मग तू काय म्हनालीस तिला?"

"काय म्हनू, आत्ती? खरंच हाय की त्ये."

निशाचा आवाज चढला नाही, पण आता तो थांबेना. "रोज सकाळी कुक्कू लावती. तुमास्नी दिसावं म्हनून लावती. मला रडायचंबी हाय, पर कुनाच्या नावानं रडू? आनि उद्या पाटं शिवानी दारात बसंल. तिला मी काय सांगू?"

पारूबाईनं दाराकडं बघितलं. शिवानीनं बापाचा पाट धुऊन उंबऱ्याजवळ मांडला होता. पाटाभोवती ती रांगोळी घालत होती. तिची रांगोळी म्हणजे जिथं हात जाईल तिथं पांढरं. पाटाच्या शेजारी तिनं उटण्याची पुडी ठेवली होती, ती वाऱ्यानं उडू नये म्हणून वर खडा ठेवला होता. पारूबाई त्या खड्याकडं बघत राहिली. तीन महिने आपण ज्या दाराला धरून बसलो, त्या दारात ह्या पोरीला आणून बसवलं, हे तिला आत्ता दिसलं.

ती उठली आणि गॅस बंद केला. सोऱ्यातलं पीठ काढून ताटलीत ठेवलं. तेल निवेपर्यंत कढईसमोर पाटावर बसून राहिली. निशा शेजारी बसली. मग तेल किटलीत ओतून, कढई कागदानं पुसून, पारूबाई स्वतः स्टुलावर चढली आणि कढई माळ्यावर पालथी घातली. निशानं ह्या वेळीही तिची कंबर धरली होती.

चार वाजता बोळातल्या नळाला पाणी येतं. सगळ्या बायका तिथंच होत्या. पारूबाई पायरीवर येऊन उभी राहिली. पदर डोक्यावरून नीट घेतला. आवाज तिचा नेहमीचाच, बोळाच्या दुसऱ्या टोकाला जाईल असा.

"तानाबाई, आमच्यात ह्या वर्साला तळण न्हाय."

नळाखालची बादली भरून वाहायला लागली तरी कुणी नळ बंद केला नाही. आत कॉटवर अण्णासोंनी ते ऐकलं. आषाढापासून त्या माणसाच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. त्यांनी खांद्यावरचा टॉवेल तोंडावर घेतला आणि भिंतीकडं वळले.

तानाबाईनं नळ बंद केला, हात लुगड्याला पुसले, घरात गेली आणि डबा घेऊन बाहेर आली. चार दिवस तो भरून तयार होता. मग दुसऱ्या घरातून डबा आला, तिसऱ्यातून आला. धोंडुबाई काठी टेकत आल्या, कडेवर पितळेचा डबा. अशा वेळी बोलायचं नसतं. एकेकीनं डबा भिंतीकडेला ठेवला. कुणी निशाच्या पाठीवरून हात फिरवला, तेव्हा कुठं निशा मोठ्यानं रडली.

शिवानी सगळ्यांकडं बघत होती. पारूबाईनं फळीवरचा अनारशांचा डबा काढला, तिच्यापुढं उघडून ठेवला.

"खा."

"बाबा आल्यावर खायाचं न्हवं?"

"त्यो न्हाय यायाचा आता, बाळा. खा तू."

शिवानीनं आजीकडं नीट बघितलं आणि एक अनारसा उचलला. पण खाल्ला नाही, हातात धरून आईच्या मांडीवर जाऊन बसली.

दुखवट्याच्या घरात शेजारणीनं आणलेला घास घरच्या बाईनं आधी मोडायचा असतो. पारूबाईनं तानाबाईचा डबा ओढला, एक चकली घेतली, तुकडा मोडून तोंडात टाकला. सवयीनं सगळ्या बायका तिच्या तोंडाकडं बघायला लागल्या. चकली नेहमीसारखीच कडक होती. पारूबाईला ती चावायला फार वेळ लागला. तिनं डोळे मिटले, पुन्हा उघडले.

"चांगली झालीया गं," ती म्हणाली.

तीस वर्षं हेच ऐकायला थांबलेली तानाबाई मटकन उंबऱ्यावर बसली आणि पदराचा बोळा तोंडात घालून हमसून हमसून रडायला लागली.