न धाडलेली दुरुस्ती

"बसा की सायेब, खुर्ची पुसून ठिवलीया," तात्याबा म्हणाला.

माण तालुक्यातल्या त्या दूध संस्थेचा तात्याबा हा सचिव. सकाळचे संकलन उरकले होते, फरशी धुऊन झाली होती, तरी खोलीत दुधाचा आंबूस वास होता. मधु खुर्चीवर बसला आणि त्याने कॉम्प्युटर चालू केला. पडद्यावर 'धारोष्ण' हे नाव उमटले. हे नाव त्यानेच ठेवलेले, आणि आतला प्रोग्रॅमही त्यानेच तीन वर्षांपूर्वी सांगलीच्या आपल्या घरात बसून लिहिलेला.

दोष सापडायला पाच मिनिटेसुद्धा लागणार नव्हती. तो कुठे आहे हे मधुला एप्रिलपासून तोंडपाठ होते, आणि आता सप्टेंबर लागला होता. तरीही तो अर्धा तास कपाळाला आठ्या घालून, चष्मा वरखाली करत बसला. दुखणे चटकन बरे करणाऱ्या डॉक्टरला कोणी मान देत नाही, हे त्याला एवढ्या वर्षांत कळले होते. तालुक्याच्या दूध संघाचे अध्यक्ष हंबीरराव यांनी त्याला बोलावून घेतले होते. पाण्याच्या यादीचा संशय येतोय, पण तुमचाच प्रोग्रॅम चालवणाऱ्या सातारच्या ऋषिराजला दोष सापडत नाही, तुम्ही काढून दाखवा, मग संघाच्या चाळीसही संस्थांची देखभाल तुमच्याकडे, असा त्यांचा शब्द होता. चाळीस संस्था म्हणजे मधुची कंपनी तगली. नाहीतर दिवाळीनंतर कुठल्यातरी कॉलेजात शिकवायची नोकरी बघायची, हे त्याचे आणि बायकोचे, उमाचे, बोलून झाले होते.

चहा सांगायला तात्याबा बाहेर गेला तेव्हा मधुने आळस दिला आणि मान वळवली. भिंतीवर काळा फळा होता. वर तेलरंगात कायमचे लिहिलेले होते, 'दुधात पाणी घालणारे सभासद'. खाली खडूने एकच नाव होते. राहीबाई, क्रमांक १०२३.

तो आकडा त्याने दोनदा वाचला.

मधुचा धंदा लोकांना समजावून सांगताना उमाच्या नाकी नऊ येत. प्रोग्रॅम फुकट, तो चालतो ती लिनक्स नावाची प्रणालीही फुकट, आणि प्रोग्रॅम कसा लिहिला आहे ते सगळे उघडे, कोणीही वाचावे, कोणीही बदलावे. मग तुम्ही विकता काय, असे तिचे वडील दर सणाला विचारत. विकायची ती सेवा. बसवून देणे, शिकवणे, बिघडले तर धावत जाणे. बदल्यात एकच अट मधुने पहिल्या पानावर लिहून ठेवली होती, की ज्याला दोष सापडेल त्याने दुरुस्ती करून सगळ्यांना धाडावी. तेव्हा असे लिहिताना त्याला फार मोठे वाटले होते.

सत्त्याण्णव साली ऋषिराजने तो प्रोग्रॅम नेला आणि साताऱ्यात ऑफिस थाटले. चोरी नव्हे, मधुने दिलेली मुभाच होती. पण त्याच्याकडे जीप होती, दोन मेकॅनिक होते. सभासदाला हातात मिळणारी पावती त्याने सुबक केली आणि पहिल्या वर्षाची सेवा फुकट दिली. कराड गेले, विटा गेले, शेवटी मधुच्या परड्यातले तासगावही गेले. दोघांचा माल एकच, त्यामुळे ज्याची जीप लवकर पोचेल तो जिंकणार, आणि मधु तर एसटीने फिरणारा. एवढे सगळे करून ऋषिराज अट मात्र काटेकोर पाळायचा. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी सातारा-सांगली एसटीच्या कंडक्टरकडे त्याची फ्लॉपी यायची, महिनाभराच्या दुरुस्त्या नीट लिहून. त्याच गाडीने मधुची फ्लॉपी परत जायची. हा प्रामाणिकपणाच मधुला जास्त झोंबे. लबाड असता तर निदान मनमोकळ्या शिव्या तरी देता आल्या असत्या.

एप्रिलमध्ये जतकडच्या एका संस्थेत मधुला तो दोष सापडला. दुष्काळात चार वाड्यांच्या संस्था एक केल्या आणि सभासद हजारावर गेले. मधुने प्रोग्रॅम लिहिताना हजार सभासदांची संस्था स्वप्नातही पाहिली नव्हती. जुना उतारा, म्हणजे आधीच्या दिवसांची फॅटची नोंद, शोधताना प्रोग्रॅम क्रमांकाचे शेवटचे तीनच आकडे बघायचा, म्हणजे एक हजार तेवीस नंबरच्या माणसाचे दूध तेवीस नंबरवाल्याच्या दुधाशी ताडून बघायचा. तेवीस नंबरची म्हैस जास्त फॅटची असली, तर एक हजार तेवीसच्या पावतीवर छापून यायचे, 'पाणी संशयित'. जतमध्ये मधुने तीन ओळी बदलल्या आणि काम झाले.

पण मे महिन्याची फ्लॉपी भरताना त्या तीन ओळी त्याने गाळल्या. फ्लॉपीवरची चिठ्ठी लिहायचे काम उमाकडे असे. तिने विचारले, जतची दुरुस्ती घालायची राहिली का. तो म्हणाला, या महिन्यात राहू दे. उमाने चिठ्ठी लिहिणे थांबवले. मग त्याने तिला समजावले, की याला धोरण म्हणतात. जीप त्याच्याकडे, पण प्रोग्रॅमच्या पोटात काय आहे हे जाणणारा मीच. माणात संस्था एक होतायत, तिथे त्याचे यंत्र अडेल आणि लोक मला शोधत येतील. एखाददुसरी पावती चुकेल, कोणाचे काय जाणार आहे?

मेच्या अखेरीस ऋषिराजचा फोन आला होता.

"मधुदादा, माणात एक-दोन ठिकाणी पाण्याची यादी चुकतेय असं वाटतंय. तुम्हाला काही आढळलं का?"

"नाही बुवा," मधु म्हणाला होता. "व्होल्टेज बघ तिकडचं."

तात्याबा चहा घेऊन आला. मधुने फळ्याकडे बोट केले आणि ही बाई कोण म्हणून विचारले.

तात्याबाने सांगितले ते असे. राहीबाई वरच्या आळीची. मालक वारलेला, मुलगा मुंबईत माथाडी कामगार, घरात ती आणि सून पूजा. एकच म्हैस. जूनमध्ये संस्था एक होऊन नवे नंबर पडले आणि तिच्या पावतीवर रोज 'पाणी' येऊ लागले. तीनदा आले की नाव फळ्यावर आणि दहादा आले की दूध बंद, असा संस्थेचा नियम. राहीबाईने आधी आकांत केला. मग तिला वाटले, मशिन कशाला खोटे बोलेल, त्याला काय आपली दुश्मनी? धार पूजा काढायची. म्हणजे पाणी पूजाच घालत असणार.

"लॅक्टोमीटर लावून बघितलं नाही?" मधुने विचारले. दुधात पाणी आहे का हे सांगणारी ती साधी काचेची नळी.

"कॉम्प्युटर आल्यापास्नं त्यो कपाटात हाय," तात्याबा म्हणाला. "मग म्हातारीनं सुनंला खंडोबाच्या देवळात नेलं. सगळ्या आळीसमूर बेलभंडार उचलाय लावला. पोरीनं उचलला, म्हनली मी पानी घातलं न्हाई. आन् दुसऱ्या दिशी सकाळी पावती आली, पुन्यांदा पानी. देवाची खोटी आन घेतली म्हनून गावानं तोंड फिरवलं. ल्योक मुंबईहून आला, तिला म्हायेरी सोडून आला. लोनंदला आसती."

"तुमचा सभासद नंबर काय?" मधुने विचारले.

"माजा? तेवीस. आपली म्हस लय भारी हाय सायेब, साडेआठ फॅट."

मधुने पडद्याकडे पाहिले. तीन ओळी बदलायच्या, हंबीररावांना फोन करायचा आणि दुपारच्या गाडीने सांगलीला जायचे. फळ्यावरचे नाव तात्याबा पुसेल. तोच दोष अचानक सापडला म्हणून सगळे त्याची पाठ थोपटतील. कोणाला काही कळणार नाही, उमा सोडून. असा विचार त्याने पुरता केला, चहा संपेपर्यंत केला. माणूस काही एका क्षणात चांगला होत नाही.

मग तो उठला आणि तात्याबाला म्हणाला, मला त्यांच्या घरी घेऊन चला.

राहीबाई दारात शेंगा फोडत बसली होती. गोठा रिकामा होता. दूध बंद झाल्यावर म्हैस सांभाळून काय करायचे, म्हणून म्हसवडच्या बाजारात ती विकून टाकली होती. तात्याबाने ओळख करून दिली, की हे कॉम्प्युटरवाले सांगलीचे सायेब. ती घाईने उठून उभी राहिली आणि पदर सावरत म्हणाली, की आता घरात दूध नाही, पाणीही नाही, तपासायला काही उरले नाही.

मधुने सांगितले. शक्य तितक्या साध्या शब्दांत सांगितले. तात्याबाची म्हैस, तिची म्हैस, नंबर. तात्याबा आधी हसला, मग त्याने टोपी काढून हातात घेतली. राहीबाई मधुच्या तोंडाकडे बघत होती.

"म्हंजी पूजानं पानी घातलं न्हवतं."

"नाही."

"मशिनीला चूक कळली न्हाई."

"मशिनला नाही कळली. मला ठाऊक होतं. तुमच्या पावतीवर 'पाणी' यायच्या आधीपासून ठाऊक होतं. मी सांगितलं नाही."

"का वं?"

याचे उत्तर मधुने सबंध वाटेत तयार ठेवायला हवे होते. उमाला सांगताना केवढे शब्द होते त्याच्याजवळ. त्या दारात उभे राहून 'धोरण' हा शब्द तोंडातून काढायची त्याला लाज वाटली. तो म्हणाला, धंद्यातल्या दुसऱ्या एका माणसाला खाली बघायला लावायचं होतं मला.

ती ओरडली नाही. शेंगांचे सूप तिने बाजूला सारले.  मग म्हणाली, "माज्यासंगं लोनंदला चला. मी सांगून तिला पटायचं न्हाई. बेलभंडार मी उचलाय लावलावता."

निघण्याआधी मधुने संस्थेतल्या कॉम्प्युटरवर तीन ओळी बदलल्या. मग गावातल्या फोनबूथवरून ऋषिराजला फोन लावला, एप्रिलपासून ठाऊक असल्याचे सांगितले आणि त्याच तीन ओळी एकेक अक्षर करून सांगितल्या. पलीकडे लिहून घेतल्याचा आवाज येत होता. शेवटी ऋषिराज म्हणाला, "मेमध्ये मी विचारलं होतं, दादा." एवढेच म्हणून त्याने फोन ठेवला. तात्याबा बूथबाहेर उभा राहून ऐकत होता. संध्याकाळपर्यंत हंबीररावांच्या कानावर जाणार, चाळीस संस्था गेल्या, आणि जायलाच हव्या होत्या.

दहिवडीहून फलटण, फलटणहून लोणंद. राहीबाई खिडकीशी बसली होती. वाटेत तिने एकदाच तोंड उघडले. पूजाला आधी म्हशीची भीती वाटायची, धार काढायला आपणच शिकवले, आणि मग म्हैस तिच्याशिवाय कोणाला पान्हा सोडेना, असे ती सांगत होती. ते मधुला सांगत होती की स्वतःशीच बोलत होती, कळले नाही.

पूजाचा बाप गुंडा लोणंदच्या कांदाबाजारात हमाल होता. ती तिथेच शेडखाली इतर बायांबरोबर कांदे निवडत होती. सासूला पाहून तिचा हात थांबला. बाकीच्या बायांचेही थांबले. गुंडा पाठीवरचे पोते टाकून आला आणि मुलीपुढे आडवा उभा राहिला.

मधुने तिथे, सगळ्यांसमोर, पुन्हा सारे सांगितले. तिसऱ्यांदा सांगताना ते सोपे जाईल असे त्याला वाटले होते, तसे काही झाले नाही. गुंडाची मूठ वळली आणि सुटली. पूजाने मधुकडे एकदाच पाहिले, रस्ता चुकलेल्या वाटसरूकडे पाहावे तसे, आणि मग ती सासूकडे वळली.

"मशिन चुकली ह्ये कळलं," ती म्हणाली. "ह्ये सायेब लबाड निघालं, त्येबी कळलं. आत्या, तुमी तर रोज माज्याशेजारी बसत हुता धार काढताना."

राहीबाई एक पाऊल पुढे आली. चल म्हणायला ती एवढ्या लांब आली होती. ते तिला म्हणता आले नाही.

बायांनी पुन्हा कांदे निवडायला घेतले. पूजा उठली, हात पदराला पुसले, शेडच्या कोपऱ्यातल्या माठाकडे गेली. तिने तांब्या विसळला, भरला, आणि उन्हातून आलेल्या माणसाला द्यावा तसा सासूपुढे धरला.

"पानी घ्या," ती म्हणाली, आणि आपल्या ढिगाशी जाऊन बसली.

राहीबाईने तांब्या दोन्ही हातांनी घेतला. फलटणची शेवटची गाडी सुटायची वेळ झाली तरी तो तसाच भरलेला तिच्या हातात होता.