पट्टीवरचे दोन बूट

मी एक जुना बुटांचा जोड आहे, पण मला घालून कधी कुणी चाललं नाही. माझे दोन्ही बूट एका धातूच्या पट्टीवर स्क्रूने बसवले आहेत आणि त्यांचे चवडे बाहेर वळवलेले आहेत. मित्रांनो, काही बाळांचं पाऊल जन्मतःच आत मुडपलेलं असतं. डॉक्टर दर आठवड्याला नवं प्लास्टर घालून ते हळूहळू सरळ करतात. मग माझी पाळी येते. ते पाऊल परत आत वळू द्यायचं नाही, एवढंच माझं काम.

दवाखान्यामागच्या खोलीत एका म्हाताऱ्या कारागिराने मला शिवलं. आतलं कातडं तो स्वतःच्या गालावर घासून बघायचा. "बाळाला टोचलं, की आई पट्टा सोडणार," असं म्हणायचा. मी पाच बाळांच्या पायांत राहिलो. पाऊल झोपेतसुद्धा आत ओढ घेतं, हे मला तेव्हाच कळलं. त्या पाचही जणांची ओढ माझ्या कातड्यात मुरली आहे.

सहावी होती चार महिन्यांची मुलगी. तिचं डावं पाऊल नुकतंच सरळ झालं होतं. तीन महिने दिवसरात्र मला घालायचं, फक्त अंघोळीपुरतं काढायचं, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आई कामावर गेली की बाळ आत्याजवळ असे. आत्या मायाळू, पण बाळ रडलं की तिच्या काळजाचं पाणी पाणी व्हायचं. "सरळ झालाय की गं तुझा पाय! कशाला हा जाच?" असं म्हणून ती मला कपाटात ठेवायची आणि आई यायच्या आत पुन्हा चढवायची. मला तिचा फार राग यायचा, पण बोलणार कसा?

कपाटात मी रिकामाच असायचो. तरी माझ्या डाव्या बुटात कुणाची तरी टाच हलायची. एका दुपारी स्क्रू करकरला आणि त्या बुटाचा चवडा आत वळला. आत्याने तो सरळ करून स्क्रू आवळला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी ती कपाट उघडं टाकून समोरच बसली. तिच्या डोळ्यांदेखत बूट वळला, अगदी सावकाश. तिने वळून पाळण्यात पाहिलं. बाळ गाढ झोपलं होतं आणि त्याचं डावं पाऊलही तेवढंच आत वळत होतं.

आई दारात आली तशी आत्या रडायलाच लागली. "वहिनी, माझं चुकलं. मी रोज हे बूट काढून ठेवत होते."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी पाऊल दाबून पाहिलं. टाच खाली येईना. "थोडक्यात निभावलंय," ते म्हणाले. "पुन्हा प्लास्टर घालू. आणखी उशीर केला असता, तर ऑपरेशनच करावं लागलं असतं." मागच्या खोलीतल्या कारागिराने स्क्रू सैल झालाय का, म्हणून मला उलटसुलट करून तपासलं. स्क्रू घट्टच होता. त्याने मला पटकन खाली ठेवलं.

प्लास्टर निघाल्यावर आत्या स्वतः माझे पट्टे बांधू लागली. बाळ रडलं, तर पट्टी धरून त्याचे दोन्ही पाय एकदम वरखाली करायची, ते हसेपर्यंत.

मित्रांनो, तुमच्या घरी एखादं बाळ असे बूट घालून रडत असेल, तर दया येऊन पट्टा सोडू नका. त्याच्याजवळ बसा, त्याच्याशी खेळा. रडणं थोड्या वेळाने थांबतं. पाऊल मात्र पुन्हा आत वळायची वाट बघत असतं.