वरचा आणि खालचा

गॅब्रिएल लोपीस यांना सकाळी उठल्यापासून कशाचा ना कशाचा वीट यायचा, आणि तो यायला उशीर झाला तर त्या उशिराचाही यायचा. चहावरची साय, नळाचं मचूळ पाणी, शेजारच्या केळीच्या वाडीत उभा राहिलेला मोबाइलचा मनोरा, चर्चमध्ये मिस्साच्या वेळी गिटार वाजवणारी पोरं, काहीही चालायचं. ‘शी!’ हा त्यांचा दिवसातला पहिला शब्द असे, आणि बहुधा शेवटचाही. मुंबईच्या गोदीतून ते हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले तेव्हा निरोपाच्या भाषणात साहेब म्हणाले होते, की लोपिसांच्या नाकाखालून एकही चुकीचा कागद गेला नाही. ते खरंच होतं. त्या नाकाखालून बरोबर कागददेखील नाक मुरडल्याशिवाय गेला नव्हता.

पण गेलं वर्षभर या साऱ्या शिसाऱ्यांच्या डोक्यावर एक मोठी शिसारी चढून बसली होती. ती म्हणजे नातवाचं नाव.

लोपिसांकडे थोरल्या मुलाला आजोबाचं नाव द्यायची रीत. त्यामुळे नंदाखाल गावातल्या त्या घरात पिढ्यान्‌पिढ्या नावं दोनच. गॅब्रिएल आणि फर्डिनंड. रहाटाच्या मडक्यांसारखी ती आळीपाळीने वर यायची. गॅब्रिएलचे वडील फर्डिनंड, आणि मुलगाही फर्डिनंड, घरातला फर्डी. आता पुन्हा गॅब्रिएलचं मडकं वर यायचं, तर फर्डी आणि त्याची बायको फ्लॉसी यांनी बाप्तिस्म्याच्या वेळी फादरना पोराचं नाव सांगितलं, एडन.

“एडन?” चर्चच्या पायरीवरच गॅब्रिएल म्हणाले होते. “ते बंदर आहे. बोटी तिथे कोळसा भरायला थांबायच्या. उद्या दुसरा झाला की मार्मागोवा ठेवा. तिसरा कांडला.”

“पपा, मॉडर्न नाव आहे.”

“शी!”

त्या दिवसापासून त्यांनी ते नाव तोंडातून काढलं नाही. फर्डी आणि फ्लॉसी वरच्या मजल्यावर राहत, म्हणून पोराला ते ‘वरचा’ म्हणू लागले. ‘वरचा उठला का?’ ‘वरच्याने आज काय सांडलं?’ त्यांची नन झालेली बहीण हिल्डा एकदा घरी राहून गेली. भाऊ उठता-बसता वरच्याची आठवण काढतोय हे ऐकून तिचे डोळे भरून आले, आणि कॉन्व्हेंटात परत गेल्यावर तिने त्याबद्दल आभाराची प्रार्थनाही केली.

आणि आता रविवारी वरच्याचा पहिला वाढदिवस होता. केक कापण्याआधी आजोबाने सगळ्यांसमोर प्रार्थना म्हणायची, बाळाचं नाव घेऊन, हेसुद्धा त्या घरात रीतीतलंच. गॅब्रिएलच्या बायकोने, रिटाने, याची धास्ती घेतली होती.

“प्रार्थनेत काय म्हणणार आहात?” तिने विचारलं. “हे वरच्या देवा, या वरच्या पोराला आशीर्वाद दे?”

“देवाला कळतं कोण कुठला ते.”

“देवाला कळेल हो. फ्लॉसीच्या माहेरच्यांना कळायला नको?”

गॅब्रिएलनी पेपर उघडला. म्हणजे त्यांचं ठरलेलं होतं.

त्यात आमंत्रणाची भानगड निघाली. फर्डीने नवा संगणक घेतला होता आणि त्यावर पोराच्या फोटोचं कार्ड तयार केलं होतं. संगणक वर, पण प्रिंटर खाली, गॅब्रिएलच्या जुन्या संगणकाला जोडलेला. त्यावर रिटाने विणलेलं क्रोशाचं आवरण. “माझा प्रिंटर जिना चढणार नाही,” असं गॅब्रिएलनी सांगून टाकलं. मग कार्डानेच खाली यायचं. फ्लॉपीत ते मावेना. फ्लॉप्यांना आधीच खाडीच्या हवेने बुरशी धरली होती, आणि ती पाहून गॅब्रिएलना दुपारचं जेवण गेलं नाही. फर्डीने पेनड्राइव्ह आणून लावला, तर जुन्या संगणकाने हे काय आहे ते आपल्याला ठाऊक नाही असं कळवलं.

“मलाही नाही,” गॅब्रिएल संगणकाच्या बाजूने म्हणाले.

शेवटी दोन्ही संगणक वायरने जोडायचे ठरले. त्यासाठी तुळिंजचा संकेत, संगणक दुरुस्त करणारा पोरगा, आला. पाठीला बॅग, कानाला फोन, आणि फोनवर बोलतानाच तो चपला काढून आत आला. जुन्या संगणकासमोर बसून त्याने बटण दाबलं, पडद्यावर काय उगवतं ते पाहिलं आणि फोन ठेवला.

“अंकल, नाइन्टी-एट? अजून? हे तर म्युझियमला द्या.”

“म्युझियमवाले मला आधी नेतील.”

संकेतने संगणकाचं झाकण उघडलं. आत धुळीची गादी, मुंग्यांची वसाहत आणि कोपऱ्यात पालीची दोन अंडी. एक फुटलेलं. गॅब्रिएल दाराशी गेले, पडवीतून बाहेर थुंकले आणि परत आले.

“एवढी वर्षं यावर हात चालवून मग मी जेवायला बसत होतो,” ते म्हणाले.

“हात धुवायचात ना पण?” रिटा स्वयंपाकघरातून म्हणाली.

मग निळी वायर वरच्या खिडकीतून खाली आली, भिंतीवरून सरकत स्वयंपाकघरात शिरली आणि माळ्यावर सुके बोंबील टांगले होते त्यांच्या शेजारून पुढे निघाली.

“बोंबलांचा वास वर जाईल,” गॅब्रिएल म्हणाले.

“अंकल, वायरमधून वास नाही जात.”

“मग काय जातं?”

“डेटा.”

“त्याला वास नसतो हे तू हुंगून पाहिलंयस?”

संकेत पुन्हा खाली येऊन बसला. फर्डी वर. दोघे जिन्यातून ओरडत होते. वरच्याला खालचा दिसत नव्हता आणि खालच्याला वरचा. बऱ्याच खटपटीनंतर संकेतला कारण सापडलं. दोन्ही संगणकांच्या गटांची नावं वेगळी होती.

“एका घरात आहेत, पण गट वेगळे, अंकल. एकाच गटात घ्यावे लागतील.”

“म्हणजे एका छपराखाली दोन चुली.”

“करेक्ट!” संकेत खूष होऊन म्हणाला. वरच्या मजल्यावर फ्लॉसीची वेगळी शेगडी आहे हे त्या बिचाऱ्याला माहीत नव्हतं. जिन्यात उभ्या असलेल्या फ्लॉसीने पोराला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं.

गट एक झाले. तरी काही दिसेना. मग वरच्या संगणकात बसलेला पहारेकरी निघाला. त्याचं नाव फायरवॉल. खालून येणाऱ्या कुणालाच तो वर येऊ देत नव्हता.

“माहेरच्यांना सोडतो का विचार,” गॅब्रिएल म्हणाले.

“पपा, मी इथेच आहे,” फ्लॉसी जिन्यातून म्हणाली.

“म्हणूनच जरा मोठ्याने बोललो.”

पहारेकऱ्याची समजूत घातली. खालचा संगणक बंद करून पुन्हा सुरू केला. तो जागा व्हायला एवढा वेळ घेई, की तेवढ्यात रिटाचा चहा होऊन पिऊनही झाला. आणि मग पडद्यावर एक चौकट आली. संकेतने ती वाचली, डोकं खाजवलं, पुन्हा वाचली.

“आता काय?”

“हा बोलतोय, तुमचं नाव नेटवर्कवर आधीच कुणीतरी घेतलंय. दुसरं नाव द्या.”

“कुणाचं नाव?”

“कॉम्प्युटरचं. प्रत्येकाला एक नाव असतं ना. तुमच्याचं आहे...” त्याने दोनचार ठिकाणी टिकटिक केलं. “गॅब्रिएल.”

“मीच दिलंय,” गॅब्रिएल मान ताठ करून म्हणाले. “घरात आला त्याच दिवशी.”

“मग वरच्याचंही तेच असणार. एका नेटवर्कवर एका नावाचे दोन नाही चालत.”

गॅब्रिएल उठून जिन्याच्या पायथ्याशी गेले.

“फर्डी,” गॅब्रिएलनी हाक मारली. आवाज चढलेला नव्हता. त्यामुळे फर्डी लगेच खाली आला. “वरच्या डब्याचं नाव काय?”

फर्डीने भिंतीवरच्या येशूच्या तसबिरीकडे पाहिलं. तिथून मदत आली नाही.

“गॅब्रिएल.”

“का?”

“पहिल्यांदा सुरू करताना तो विचारतो, नाव काय देऊ. मी म्हटलं... तेवढंच नाव घरात राहील.”

“शी!” गॅब्रिएल म्हणाले, आणि या वेळी तो शब्द पोटातून आला. “पोराला नको, डब्याला चालतं! माझ्या आजोबांचं नाव ते. त्यांनी हातांनी खणलेल्या विहिरीचं पाणी पिऊन मोठा झालास, आणि त्यांच्या नावाला तू शेपटीचा उंदीर बांधलास? बाजारातून मांजर आणलं असतंस तर तिलाही हेच दिलं असतंस?”

“पपा, एक बोलू?” फ्लॉसी पोराला घेऊन खाली उतरली.

“बोल. आज डबेसुद्धा बोलतायत.”

“हॉस्पिटलात याला पहिल्यांदा तुमच्या हातात दिलं तेव्हा तुम्ही काय म्हणालात?”

“काय म्हणालो?”

“शी, लाल माकड. याला माझं नाव चिकटवू नका.”

संकेत एकदम वायरीचं टोक तपासू लागला.

“नर्स हसली,” फ्लॉसी म्हणाली. “फर्डी हसला. मला टाके होते, मी नाही हसले. नऊ महिने मी याला गॅब्रिएल म्हणूनच हाक मारत होते, पोटावर हात ठेवून. विचारा मम्मींना.”

“ती गंमत होती.”

“घरी आल्यावर फर्डीने पुन्हा विचारलं. तुम्ही पेपर वाचत होतात. म्हणालात, दिसतो तसं ठेवा.”

“म्हणालात,” रिटा म्हणाली. कपबश्या गोळा करायचं तिने थांबवलं नव्हतं. “मला बघायला आलात तेव्हाही शी म्हणाला होतात. माझ्या बापाला वाटलं, चहा बिघडला. मला कळलं. पण सगळ्यांना कसं कळणार?”

गॅब्रिएलनी आठवून पाहिलं. हेडक्लार्कच्या डोक्यातला कागद सहसा गहाळ होत नाही. हाही जागेवरच सापडला, नर्सच्या हसण्यासकट. तो त्यांनी नेहमीप्रमाणे नाक मुरडून पाहिला. कागद बरोबर होता.

ते खुर्चीत बसले आणि दोन्ही संगणकांचा मनापासून तिरस्कार करू लागले, कारण दुसऱ्या कुणाचा करायची सोय उरली नव्हती.

“अंकल,” संकेत चाचरत म्हणाला, “एकाचं तरी बदलावं लागेल. वरच्याचं बदलू?”

“वरच्याचं बदल,” फर्डी घाईने म्हणाला. “काहीही टाक.”

“थांब,” गॅब्रिएल म्हणाले. “हा खालचा किती टिकेल?”

संकेतने पालीच्या अंड्यांच्या दिशेने पाहिलं. “अंकल, खरं सांगू? पावसाळा काढला तरी नशीब.”

“मग भंगारात.”

“भंगारवालाही घेईल की नाही...”

“म्हणजे माझं नाव हातगाडीवरून आगाशीच्या बाजारातून फिरणार. शी. आणि वरचा राहणार.” त्यांनी छताकडे पाहिलं. “रीतीने नाव वरच जायला पाहिजे. वरच्याला राहू दे. खालच्याचं बदल.”

“काय टाकू?”

गॅब्रिएलनी पोराकडे पाहिलं. फ्लॉसीच्या कडेवरून वाकून त्याने लोंबती निळी वायर पकडली होती आणि तो ती चघळत होता. वायर नुकतीच बोंबलांच्या शेजारून आलेली. हनुवटीवरून लाळ गळत होती. ‘शी’ गॅब्रिएलच्या जिभेच्या टोकापर्यंत आली. त्यांनी ती परत गिळली. कडू औषध गिळताना होतो तसा त्यांचा चेहरा झाला.

“एडन,” ते म्हणाले.

रिटाच्या हातातली बशी वाजली. त्या आवाजात आपलं नाव पोराने बाप्तिस्म्यानंतर पहिल्यांदाच ऐकलं होतं. त्याने वायर सोडली आणि आजोबाकडे टक लावून पाहिलं.

“बंदर म्हणून,” गॅब्रिएल म्हणाले. “गोदीतल्या माणसाच्या यंत्राला बंदराचं नाव शोभतं. उगाच भलतं समजू नका.”

“म्हणजे वरचा मुलगा एडन आणि खालचा कॉम्प्युटर एडन,” संकेत मोजत म्हणाला, “आणि खालचे अंकल गॅब्रिएल आणि वरचा कॉम्प्युटर...”

“तू वायरीचं बघ.”

नाव टाकलं. संगणक पुन्हा बंद केला, पुन्हा सुरू केला. रिटाने पुन्हा चहा टाकला. तो उकळायच्या आत वरून फर्डी ओरडला, “दिसला! एडन दिसला! खाली दिसतोय!”

“वर्षभर दिसतोय,” रिटा चहाच्या पातेल्याला म्हणाली.

कार्ड खाली आलं. रिटाने प्रिंटरवरचं क्रोशाचं आवरण घडी करून बाजूला ठेवलं. प्रिंटर खाकरला, कण्हला आणि बोट-बोट करत कागद बाहेर ढकलू लागला. सगळे त्याच्याभोवती जमले. आधी ‘एडन’ ही अक्षरं आली, मग टोपी, मग कपाळ, मग चेहरा. निळी शाई केव्हाच वाळून गेली होती. चेहरा आला तो लालभडक. कान लाल, गाल लाल, नाक त्याहून लाल.

फ्लॉसीने पोराला घट्ट धरलं आणि सासऱ्यांच्या तोंडाकडे पाहत राहिली.

गॅब्रिएलनी कागद उचलला, लांब धरून पाहिला, चष्मा वर करून जवळून पाहिला. नाक मुरडायला सुरुवात झाली, अर्ध्यावर थांबली.

“एडन चांगला आहे,” ते म्हणाले. “प्रिंटर भिकार आहे.”

“रविवारी प्रार्थनेत एवढंच म्हणा,” रिटा म्हणाली. “प्रिंटरचं गाळून.”