कुशीवर न बोलणारा देव

मेहुण्याचा फायदा आधी मोजू. नोकरी सुटलेली, तीन वर्षं बहिणीच्या घरी मुक्काम, आणि 'बसा' म्हणायलाही कोणी तयार नाही. पण बहिणीच्या सुतार नवऱ्याच्या घोरण्यात याने देव 'ओळखला' आणि खुर्ची मिळाली, गर्दी मिळाली, 'महाराज' म्हणणारी पंचवीस तोंडं मिळाली.

दर रविवारी दुपारी सुताराला 'शांतीचा काढा' पाजून बाहेरच्या खोलीत उताणं निजवायचं. मग लोकांनी प्रश्न विचारायचे. घोरणं चालू म्हणजे नकार. मध्येच थांबलं, की कौल. शांतता जितकी लांब, तितकं काम पक्कं.

एका रविवारी शिवणवाल्या बाईंनी मुलीच्या लग्नाचं विचारलं. घोरणं थांबलं. गर्दी मोजू लागली. दहा... वीस... तीस. सुताराचे ओठ निळे पडले.

"वा! जावई बंगलेवाला!" मेहुणा ओरडला.

"दादा, अरे यांचा श्वास थांबलाय!" सुताराची बायको कळवळली.

"गप गं! आत देव आलाय, श्वासाला जागा कुठून राहणार?"

लोक खो खो हसले. शेजारची नर्स मात्र आत घुसली आणि सुताराला तिने कुशीवर वळवलं. खर्रकन श्वास आला. मग श्वास संथ चालू लागला, घोरणंच बंद.

"देव गेला?" कोणीतरी विचारलं.

"मागे पडलेली जीभ पुढे आली." तिने काढ्याचा वास घेतला. "दारू! झोपेत घसा सैल पडतो, दारूने आणखी. श्वासाची वाट अरुंद झाली की घशातला मऊ पडदा थरथरतो, ते घोरणं. वाट पुरती मिटली, की तुमचा कौल!"

"देव कुशीवर बोलत नाही," मेहुणा पुटपुटला.

"मग तुम्हीच प्या, निजा उताणे. बघू कोण येतो अंगात."

मेहुण्याला तेवढ्यात बाहेरचं काम आठवलं.

"पण माझ्या जावयाचं काय?" शिवणवाल्या बाई चिडल्या.

"उद्या सकाळीच यांना डॉक्टरकडे न्या," नर्स म्हणाली.

"दोन फळ्या कापून जातो," दुसऱ्या दिवशी सकाळी सुतार म्हणाला. रात्र रात्र गुदमरलेला माणूस. चालू करवतीपुढे उभ्या उभ्या पेंगला.

बाबांनो, घोरणारा मध्येच गप्प होत असेल, गुदमरून दचकत असेल, दिवसा पेंगत असेल, तर अर्थ लावत बसू नका. त्याला डॉक्टरकडे न्या.

मेहुण्याचं काही गेलं नाही. तो आता दुसऱ्या गल्लीत हात पाहतो. गर्दीचं एक रविवारचं मनोरंजन गेलं. सुताराची उजव्या हाताची तीन बोटं गेली.