ब्रेदी खिंडीतला निरोप्या

मित्रांनो, मी एक म्हातारं खेचर आहे. आई घोडी, बाप गाढव. अक्कल कुणाकडून आली आणि लाथ कुणाकडून, ते तुमचं तुम्ही ठरवा. कपाळावर पांढरा टिळा असला की आमच्या अल्बेनियाच्या डोंगरात जनावराचं नाव बालाश ठेवतात. तेच माझं नाव.

झेफनं मला बाजारातून आणलं. त्यानं दात बघितले, खूर बघितले, शेपटी उचलूनही बघितलं. एवढं बघायची खरं तर काही गरज नव्हती. मग डोंगर चढायला लावलं. मीठ, मक्याचं पीठ, लोकरीची गाठोडी, एकदा चर्चची घंटा, एकदा तापानं फणफणलेली म्हातारी, सगळं मी ब्रेदी खिंडीपलीकडे नेलं आणि आणलं. घंटा कमी बोलली, म्हातारी जास्त.

झेफ फार चांगला माणूस. एका हिवाळ्यात छातीचं दुखणं झालं आणि तो गेला. त्याची बायको द्रांदे. तिनं रडून झाल्यावर डोळे पुसले, माझा लगाम हातात घेतला आणि घराच्या दोन खोल्या पाहुण्यांसाठी उघडल्या. तेव्हा नुकते कॅमेरेवाले यायला लागले होते. त्यांना काय हवं? तर सूर्य! आमच्याकडे तो रोजच उगवतो हो, फुकट. त्यासाठी कुणी विमानात बसून येईल असं आम्हाला बापजन्मी वाटलं नव्हतं. पण ब्रेदी खिंडीतून दिसतो तसा सूर्य म्हणे कुठंच दिसत नाही. आधी कडे जांभळे होतात, मग एकच सुळका पेटतो, मग सगळा डोंगर. हे दिसायला अंधारातच चढावं लागतं. ओझं कुणाच्या पाठीवर? माझ्या.

मीही माझी मजा करून घेतली. कुणाची टोपी खाल्ली, कुणाच्या कॅमेऱ्याचं झाकण चघळलं. आणि माझी खास युक्ती सांगू? खोगिराचा तंग आवळताना मी श्वास घेऊन पोट टम्म फुगवायचो. तंग बांधून झाला की श्वास सोडायचा. पट्टा सैल! पहिल्याच वळणावर खोगीर पोटाखाली, बॅगा धुळीत, आणि मी साळसूद चेहऱ्यानं गवत खातोय. माझा तो चेहरा कितीतरी परदेशी घरांच्या भिंतीवर लागलाय म्हणतात.

आता भांडणाचं सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

आमच्या कुंपणाला लागून पाश्कोचं घर. झेफचा चुलतभाऊ, म्हणजे द्रांदेचा दीर. वीस-एक वर्षं ऑस्ट्रियात ग्राझ शहरात भिंती बांधून परत आला आणि त्यानंही पाहुणे ठेवायला सुरुवात केली. एकदा काय झालं, द्रांदेचा एक पाहुणा त्याच्या अंगणात राकी, म्हणजे आमची घरगुती दारू, प्यायला बसला तो तिथंच झोपला. दुसऱ्याच्या पाहुण्याला आपल्या छपराखाली झोपवायचं? आमच्याकडे याच्याइतका मोठा अपमान नाही. रविवारी चर्चबाहेर सगळ्या गावासमोर द्रांदे कडाडली, "पाश्को, माझ्या पाहुण्याशी तू एक अक्षर बोलणार नाहीस. दे शब्द!"

"दिला!" पाश्को लालेलाल. "आणि तुझ्याशीही नाही बोलणार, वहिनी!"

"मी तरी कुठं मरतेय तुझ्याशी बोलायला! माझाही शब्द!"

झालं. आमच्या डोंगरात दिलेल्या शब्दाला बेसा म्हणतात. जीव जाईल, बेसा जाणार नाही. ज्याला शब्द दिला तोच फक्त तो परत करू शकतो, तोंडानं, समोरासमोर. आणि ही दोघं तर समोरासमोर बोलणारच नव्हती.

पण शेजारी म्हटल्यावर बोलल्याशिवाय कसं भागणार? मग मी होतो ना! मी कुंपणापाशी बांधलेला. द्रांदे यायची आणि माझ्या कानात ओरडायची, "बालाश, सांग त्या आडदांडाला, त्याच्या शेळ्या माझा कोबी खातायत."

पलीकडून पाश्को, "बालाश, तुझ्या मालकिणीला सांग, तिचा कोबी शेळ्यांनीसुद्धा थुंकून टाकला."

मी दोन्ही बाजूंना कान हलवायचो. फार मानाचं काम, मित्रांनो. अख्ख्या गावात एवढं बोलणं दुसऱ्या कुठल्या खेचराशी होत नव्हतं.

त्या जूनमध्ये रोस्विताबाई आल्या. ग्राझच्याच, शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. उंच, काटक, गळ्यात भलामोठा कॅमेरा. पहिल्या दिवशी द्रांदेनं त्यांना अंधारात उठवलं खरं, पण उपाशीपोटी पाहुणा घराबाहेर पाठवते ती द्रांदे कसली! कॉफी झाली. मग राकी. मग चीज, मक्याची भाकरी, मध. बाई घड्याळ दाखवतायत आणि द्रांदे ताट भरतेय. आम्ही खिंडीत पोचलो तेव्हा सूर्य डोक्यावर येऊन आमचीच वाट बघत होता. बाई हसल्या, पण त्यांचे डोळे नाही हसले. दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीनं त्या जाणार होत्या.

म्हणून दुसऱ्या पहाटे बाई कुणालाही न उठवता, बूट हातात घेऊन निघाल्या. मी बघितलं. मला वाटलं, परसाकडे निघाल्या असतील.

थोड्याच वेळात पाश्को कुंपणाशी धावत आला. टोपी हातात, चेहरा पांढराफटक.

"बालाश! तुझ्या मालकिणीला सांग, तिची पाहुणी आत्ता माझ्या फाटकावरून गेली. घळीच्या वाटेनं! एकटी!"

आतून द्रांदेचा आवाज, "बालाश, त्याला सांग, माझी पाहुणी झोपलीय. कॉफी चढवलीय मी."

"सांग तिला, कॉफी घाल चुलीत! खाटेवर बघ आधी!"

मग भांडं पडल्याचा आवाज. द्रांदे बाहेर आली ती अनवाणीच, बूट शोधत. पांघरुणाची नीट घडी होती आणि पाहुणी नव्हती.

घळीची वाट म्हणजे काय ते ऐका. खिंडीची खरी वाट लांबून, वळणं घेत जाते. घळीतून मात्र निम्म्यात पोचता येतं. कुणातरी प्रवाशानं शरद ऋतूत घळीतल्या खडकावरून सूर्याचा फोटो काढलेला, तो बाईंच्या मोबाईलमध्ये होता. शरदात तिथं कोरडा दगड असतो. पण जूनमध्ये घळ हिवाळ्याच्या जुन्या बर्फानं भरलेली असते, आणि त्याच्या खालून ओढा बर्फ खात खात वाहतो. वरून बघाल तर पांढराशुभ्र रस्ता. आतून पोकळ. आमच्याकडची शेळीसुद्धा जूनमध्ये त्यावर पाय ठेवत नाही.

"बालाश, विचार त्याला," द्रांदे माझ्यावर खोगीर फेकत किंचाळली, "डोळ्यांदेखत गेली तर अडवली का नाही?"

"तिला सांग, मी खोकलो! टोपी हलवली! वाटेत आडवा उभा राहिलो! बाईनं माझाच फोटो काढला आणि हसून पुढं गेली!" पाश्कोचा आवाज फाटला. "शब्द दिला नसता तर..."

त्यानं दोराचं वेटोळं खांद्यावर घेतलं आणि आमच्या पुढं पळायला लागला.

द्रांदेनं घाईघाईत तंग आवळला. आणि मी, मित्रांनो, सवयीनं पोट फुगवून बसलो होतो. पाठीवर ओझं नव्हतं म्हणून खोगीर कसंबसं टिकलं.

असा चढ मी जन्मात चढलो नाही. धुकं नाकाला लागत होतं. द्रांदे सारखी पुटपुटत होती, "माझ्या छपराखालची बाई. माझ्या छपराखालची." पाहुणा घरातून निघून गावाच्या शिवेबाहेर जाईपर्यंत त्याचा जीव यजमानाच्या पदरात असतो. पाहुण्याला काही झालं तर त्या घराचा धूर पुन्हा कुणी बघत नाही. चूल विझवून बसावं लागतं. पण मला वाटतं, द्रांदेला तेव्हा चूल आठवत नव्हती. झेफलाही तिनं असाच एका सकाळी, उशाशी बसलेली असताना, गमावला होता.

धुक्यातून वर आलो आणि घळ दिसली. मधोमध, पांढऱ्या बर्फावर, रोस्विताबाई. ट्रायपॉड रोवलेला, डोळा कॅमेऱ्याला. त्यांच्या आणि आमच्या मध्ये बर्फावर एक निळसर रेघ होती, कोळ्याच्या धाग्याएवढी. खालून पाण्याचा घुमा आवाज येत होता. माझे कान आपोआप मागे गेले.

द्रांदेला बाईंच्या भाषेतले तीनच शब्द येत होते. कॉफी, छान आणि ये. तिनं त्यातला एक निवडला. जीव खाऊन ओरडली, "ये! ये!"

बाईंनी वळून बघितलं. चेहरा फुलला. बिचारीला वाटलं, आम्ही कॉफी घेऊन आलो. ती कॅमेरा काढून गळ्यात अडकवून सरळ आमच्याकडे चालायला लागली, त्या निळ्या रेघेकडेच.

रेघ रुंद झाली. मी डोळ्यांनी बघितली.

द्रांदेनं दोन्ही हातांनी तोंड दाबलं. पाश्कोचं तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. ग्राझमध्ये शिकलेली बाईंची अख्खी भाषा त्याच्या घशात अडकली होती. बर्फावरून सरळ यायचं नाही, आडवं पडायचं, वरच्या अंगाला जिथं खडक चिकटलाय तिकडं सरपटायचं, हे सगळं त्याला सांगता येत होतं. त्यानं स्वतःची मूठ दातात धरली. रक्त आलं.

आणि द्रांदे माझ्याकडे वळली. "बालाश, सांग त्याला..."

मित्रांनो, इतकी वर्षं मी त्यांचे निरोप इमानानं पोचवले. त्या क्षणी मात्र मी मधून चार पावलं बाजूला सरकलो. लगाम ओढला तरी हललो नाही. खेचराचा हट्ट म्हणतात तो हाच. आता त्या दोघांच्या मध्ये नुसती हवा होती.

द्रांदेनं त्याच्या डोळ्यात बघितलं. झेफ गेल्यावर पहिल्यांदाच बघितलं असेल.

"पाश्को! तुझा शब्द तुला परत! माझा मोडला तर मोडला! बोल रे बाबा, बोल तिच्याशी!"

धरण फुटावं तसा पाश्को बाईंच्या भाषेत सुटला. काय बोलणं झालं ते त्यानंच नंतर गावाला सांगितलं, तेच सांगतो. "बाई, थांबा! हलू नका! खाली पोकळ आहे!"

बाई जागच्या जागी गोठल्या. मग म्हणाल्या काय, तर, "पण सूर्य येतोय! दोनच मिनिटं!"

"सूर्य उद्याही येईल हो! तुमचं काय?"

शिक्षिकाच ती, सरळ उत्तर मिळाल्यावर ऐकलं. पोटावर पडली. पाश्कोनं दोर फेकला, एकदा चुकला, दुसऱ्यांदा बाईंच्या हाताला लागला. "काखेखालून बांधा. घाई नको. छान. आता डावीकडे, माझ्या आवाजाकडे नको, खडकाकडे!" दुसरं टोक द्रांदेनं माझ्या खोगिराला बांधलं. बांधताना तिचा हात तंगाखाली गेला आणि ती पांढरी पडली. तंग सैल. ओढलं की खोगीर फिरणार आणि बाईंसकट खाली जाणार. सोडून पुन्हा आवळायला वेळ नव्हता, कारण तेवढ्यात बर्फ करकरला.

मग मी आयुष्यातला सगळ्यात मोठा श्वास घेतला. पोट ढोलासारखं फुगवलं. पट्टा करकचून बसला. आणि तो श्वास धरून मी पाऊल टाकलं. एक. पुन्हा एक. मागे धप्प असा आवाज झाला, सगळा डोंगर खाली बसल्यासारखा. दोराला हिसका बसला, माझे पुढचे गुडघे दगडावर आदळले. डोळ्यांपुढं काजवे चमकले. श्वास मात्र सोडला नाही. कानात कुणीतरी ओरडत होतं, "ओढ, माझ्या राजा, ओढ!" ती द्रांदे होती की पाश्को, देवाला माहीत. दोघंही असतील.

बाई खडकावर आल्या. घोटा मुरगळलेला, ओठ निळे, कॅमेरा गळ्यातच. ट्रायपॉड गेला ओढ्याबरोबर. मी श्वास सोडला आणि खोगीर लगेच पोटाखाली गेलं. त्यावर तिघंही वेड्यासारखे हसले आणि मग रडले. सुळका केव्हाच पेटून गेला होता. फोटो कुणीच काढला नाही.

खोगीर सरळ करून बाईंना माझ्या पाठीवर बसवलं आणि आम्ही लांबच्या वाटेनं उतरलो. घरापाशी येईपर्यंत सगळं गोड होतं. मग दोन फाटकांमध्ये येऊन थांबलो.

"चला बाई, माझ्याकडे कॉफी तयार," पाश्को म्हणाला.

"तुझ्याकडे? पाहुणी माझी!"

"होती तुझी. मरणाच्या दारातून मी बोलावली, वहिनी. आता ती माझी."

"शब्द कुणी परत केला म्हणून बोललास? आं? निर्लज्ज मेला!"

"आणि दोर कुणाचा होता? तुझ्या बापाचा?"

"खेचर कुणाचं होतं ते सांग!"

गाव गोळा झालं. काय भांडली दोघं! इतक्या वर्षांचं साचलेलं, कोबीपासून काढलं. एकमेकांच्या तोंडावर, बोट नाचवून, मध्येच हसून, पुन्हा कडाडून. एकदाही कुणी "बालाश, सांग त्याला" म्हणालं नाही. माझी नोकरी त्या सकाळी गेली, मित्रांनो, आणि मला तिचं दुःख नाही. आता ती दोघं रोज कुंपणाशी उभं राहून तासन्‌तास वाद घालतात. मी शेजारी उभा असतो. गुडघे कुरकुरतात, कुणी कान खाजवत नाही. चालायचंच.

पण त्या सकाळी ऊन चढलं तरी वाद संपेना, आणि रोस्विताबाई सुजलेला पाय लोंबकळत ठेवून अजून माझ्या पाठीवरच बसल्या होत्या. शेवटी त्यांनी वाकून माझ्या मानेवर गाल टेकला आणि त्यांच्या भाषेत काहीतरी म्हणाल्या. मला शब्द कळले नाहीत, पण त्याही दमल्या होत्या आणि मीही.

म्हणून सांगतो, मित्रांनो. भांडा, नाहीतर गळ्यात पडा, तुमची मर्जी. पण आधी जनावराच्या पाठीवरचं ओझं उतरवा.